लिंबापलीकडची ओळ

माळवाडी, तालुका खानापूर
पौष लागला

प्रिय मुबश्शिरा,

तुझ्या अब्बाकडून तुला पोटभर दुवा.

पत्र बघून घाबरू नकोस. माझं बरं चाललंय. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण मी त्याला भाव देत नाही. फोन असताना हे काय काढलं म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. मी विचारतो जेवलीस का, तू म्हणतेस जेवले. तू विचारतेस गोळ्या घेतल्या का, मी म्हणतो घेतल्या. मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि कुणीतरी एक जण बरं म्हणून ठेवून देतं. कागदाचं तसं नाही. त्याच्यापुढं कितीही वेळ गप्प बसलं तरी तो तुटत नाही. घरात आपण आपली बोली बोलतो, पण हातात पेन आलं की मला मराठीच सुचतं. शाळा चौथीवर सुटली, पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि तू घरी ठेवून गेलेल्या तुझ्या कॉलेजच्या पुस्तकांवर झालं. वेलांट्या चुकल्या तर तेवढ्या पोटात घाल.

पहिली बातमी रानाची. तूर काढली. पेंढ्या बांधून खळ्यावर उभ्या केल्यात, वाळल्या की झोडायच्या. फक्त एक ओळ रानात उभी ठेवलीय, पश्चिमेच्या बांधालगतची, अगदी शेवटची, तीही लिंबापलीकडची अर्धीच. शेजारच्या रानातला ज्योतिबा रोज बांधावरून जाताना मला डिवचतो. काल म्हणाला, "म्हमद्या, सगळं रान हजामत केल्यावानी केलंस आन् एक शेंडी कुणासाठी ठेवलीस रं? लग्नाबिग्नाला काढणार हाईस का काय?" मी हसलो. धुळा धनगरही येऊन गेला. त्याचा कळप ओढ्याच्या पलीकडं येऊन थांबलाय. दरवर्षीसारख्या त्याच्या मेंढ्या खतासाठी आपल्या रानात बसवायच्या आहेत, पण ती ओळ उभी असताना कशा बसवणार, सकाळपर्यंत खराटा करतील. धुळा म्हणाला, "दादा, थांबतो की चार रोज. पर लय थांबलो तर खालच्या कालव्याकडची रानं मला सोडत्यात व्हय?" त्याचंही खरं आहे. शेंगा पण वाळून कडक झाल्यात, दुपारच्या उन्हात जवळ उभं राहिलं तर तडकल्याचा आवाज येतो. राघू येऊन बसतात ते वेगळंच. तेव्हा ओळ फार दिवस राहायची नाही. राहावी असं मला मात्र फार वाटतं, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

तुझ्या पुस्तकात मी शेतीचे प्रकार वाचले होते. कोरडवाहू, बागायती, मिश्र, फिरती, अशी एकेकाला नावं दिलेली. तुझी अम्मी विचारायची, "त्यात आपली कुठली?" मी म्हणायचो मिश्र. ती म्हणायची, "मग माझ्या माहेरची?" मी पानं चाळून सांगायचो, फिरती. तर ती रुसायची. "फिरती काय म्हणता, आमी काय तमाशावाले हाय का?" मेढ्याच्या डोंगरातली ती. तिच्या बापाचं रान म्हणजे उताराचा एक एक तुकडा. उन्हाळ्यात पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जमीन भाजायची, पाऊस पडला की तिथं नाचणीचं रोप टाकायचं आणि मग ते उचलून उतारावर लावायचं. दोनतीन वर्षं नाचणी, वरी घेतली की तो तुकडा सोडून द्यायचा आणि दुसरा धरायचा. सोडलेल्यावर गवत येतं, करवंदीची जाळी येते, जमीन आपली आपण भरून येते. मग काही वर्षांनी परत तिच्याकडं जायचं. सलिमा लग्न होऊन इथं आली तेव्हा आपल्या शेजारचं एक पडीक रान बघून म्हणाली होती, "ही विसाव्याला ठेवलीय व्हय?" सगळ्या बायका हसल्या. आपल्याकडं पडीक म्हणजे टाकलेलं. तिच्याकडं पडीक म्हणजे ज्याच्याकडं परत जायचंय ते. हे मी आता का सांगतोय ते तुला पुढं कळेल.

आपल्या माळावर मात्र तिला दुसरंच शिकावं लागलं. इथं उतार नाही, झाड नाही, मुरमाड जमीन आणि पाऊस आला तर आला. म्हणून आपल्या बापजाद्यांनी एका रानात सगळीच बी पेरायची रीत धरली. बाजरी मुख्य, तिच्यात मूग, मटकी, हुलगा, मधल्या ओळींत तूर, कडेला अंबाडी आणि थोडं कारळं. मूग लवकर उरकतो, मटकी जमिनीवर पसरून ओल धरते, बाजरी वर वाढते, आणि तूर सगळ्यांच्या खालून मूळ घालून गप बसते. बाजरी उभी असेतोवर तूर कुणाच्या ध्यानातही येत नाही. एकाला पाऊस कमी पडला तर दुसरं तगतं. सगळंच्या सगळं कधी येत नाही आणि सगळंच्या सगळं कधी जातही नाही. तुला हे सांगायला नको, तू तर याची परीक्षा दिलीस. पण लिहिताना बरं वाटतं. सध्या रानाविषयी बोलायला समोर कुणी नसतं.

पेरणीची आपली पद्धत तू लहानपणापासून बघितलीस. बैल एक आपला हौशा, एक ज्योतिबाचा पाखऱ्या. दोन घरांत दोन बैल, म्हणून पैरा. एक दिवस आपलं रान, एक दिवस त्यांचं. कुणाचा दिवस जास्त झाला, कुणाचा कमी, हे आजवर कुणी बघितलं नाही. पुढं बैलांना जुंपलेली पेरणीची कुरी चालते. मी कुरीच्या मागं, एका हातात बैलांचा कासरा आणि दुसऱ्या हाताची मूठ चाड्यावर, बाजरी सोडत. आणि माझ्या मागं तुझी अम्मी. दोरीनं कुरीला बांधलेली वेळूची नळी तिच्या हातात, ओटीत तूर, आणि काकरात दाणे सोडत ती माझ्या पावलांवर पाऊल टाकत यायची. कुरी हाकणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. बघितलं की हात हलतो, ओळ वाकडी जाते आणि ती ओळ पीक निघेपर्यंत गावाला दात दाखवते. म्हणून आमचा सगळा संसारच असा झाला बघ, मी पुढं तोंड करून बोलायचो आणि ती मागून हुं म्हणायची.

तिचा हात वेगळा होता. ती दाणा एकेक कधी सोडायची नाही. डावं पाऊल पडलं की दोनतीन दाणे एकदम, मग उजव्याला काहीच नाही. डोंगरातल्या रोपं लावायच्या सवयीचं ते वळण असावं. त्यामुळं आपली तूर कायम झुबक्याझुबक्यानं यायची. ज्योतिबाची घरवाली अंजना दाणा मोजून, सारख्या अंतरावर टाकणारी. बाजरी काढली की दोन्ही रानं लांबून ओळखू यायची. अंजना म्हणायची, "भाभी, तुमची तूर घोळक्यानं गप्पा मारत उभी असती." आणि सलिमा म्हणायची, "आन् तुझी शाळेच्या रांगेत, मुक्यानं."

यंदा ती गेली तेव्हा भादवा होता. तिनं पेरलेल्यातला मूग तेवढा घरात आला होता. त्याच्याच शेंगा अंगणात निवडत होती, आणि सूप मांडीवर तसंच राहिलं. हे सगळं तुला माहीत आहे. पण त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तिसऱ्या दिवशीची जियारत झाल्यावर तू गेलीस. मिसळीच्या रानाचं असं असतं की ते एका वेळी निरोप देत नाही. ती गेल्यावर बाजरी आली. मग मटकी. मग हुलगा आला, कारळं आलं. ती मातीआड झाली आणि तिच्या हातचं घरात येतच राहिलं. प्रत्येक वेळी पाटी उंबऱ्याच्या आत घेताना वाटायचं, हे आता ठेवायचं कुठं, हे तिला विचारावं. उसाचं रान असतं तर एकदाच तोड झाली असती, एकदाच रडलो असतो. तुमच्या पुस्तकात मिश्र शेतीचे फायदे तोटे लिहिलेत, त्यात हे कुठं नाही.

आता त्या दिवसाकडं येतो, ज्याच्याविषयी आपण दोघं कधी बोललो नाही. चारेक वर्षं झाली असतील. कालव्याचं पाणी आपल्या माळाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि तू नाशकाहून कागदावर रानाचा नकाशा काढून घेऊन आलीस. इथं द्राक्ष, इथं शेततळं, इथून ठिबक. मी तो कागद नीट बघितला होता, मुबश्शिरा. तुला वाटलं मी बघितला नाही. ज्योतिबा होता, त्याचा चुलतभाऊ होता, अंजना चहा घेऊन आली होती. तू म्हणालीस, "अब्बा, ही शेती नाही, ही फकिराची झोळी आहे. सगळ्यांचं थोडं थोडं, आणि पोट कशानंच भरत नाही." आणि मी म्हणालो, "मग फकिराच्या झोळीत हात घालायला येऊ नगंस. बांधाच्या आत पाय ठेवू नगंस." तू माझीच पोर. तू खरोखरच ठेवला नाहीस. घरी आलीस, सणाला आलीस, आईच्या दुखण्याला आलीस, पण बांधापर्यंत यायचीस आणि चप्पल न काढता तिथूनच परत फिरायचीस.

मी कुठल्याच शेतीला नाव ठेवत नाही. ज्योतिबाच्या चुलतभावानं ऊस लावला. सऱ्या सोडल्या, कांड्या दाबल्या, पाण्याच्या पाळ्या देत राहिलं की रान वर्षभर दुसरं काही मागत नाही. तोडकऱ्यांची टोळी येते, कोपी घालते, रान मोकळं करते, आणि त्याच बुडख्यातून खोडवा उठतो. सारा जन्म आभाळाकडं बघत काढलेल्या माणसाला पाटातून वाहतं पाणी बघण्यात काय सुख आहे, ते मला कळतं. द्राक्षही मी तासगावला जाऊन बघून आलो, तुला न सांगता. एका छाटणीत काडी तयार करायची, दुसऱ्या छाटणीत घड धरायचा. बाग ऋतूवर चालत नाही, माणसाच्या कात्रीवर चालते. आपण ज्या पावसाची वाट बघतो तोच अवेळी आला की तिथला माणूस हवालदिल होतो. त्या बागायतदारानं मला मांडवाखाली बसवून घड खायला दिले आणि म्हणाला, "पाव्हणं, झोप न्हाई बघा ह्यात." मी म्हणालो आमच्यातबी न्हाई. दोघंही हसलो. येताना एसटीत वाटलं, पोरीनं काय वंगाळ सांगितलं होतं? झोप कशात गमवायची एवढाच तर फरक. पण घरी आल्यावर ते कुणाला सांगितलं नाही. सलिमाला वाटायचं मी अजून धुमसतोय. तुझा फोन आला की ती परसात जाऊन बोलायची. एकदा मात्र मला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "पोरगी काय पडीक न्हाई पडलेली. विसाव्याला ठेवलीय म्हणायचं."

यंदाच्या मिरगात पाऊस बरा झाला. वाफसा आला, म्हणजे माती मुठीत घेतली तर गोळा होईल आणि टाकली तर फुटेल, अशी ओल. ती एकदोन दिवसच टिकते. त्यात पेरलं तर पेरलं. ज्योतिबा विट्याला गेला होता, पण अंजना पाखऱ्याला घेऊन आली आणि बी ओटीत भरायला आमच्यात थांबली. बांधाच्या काठाकाठानं सलिमानं तू लहानपणी काकडीसारखं कराकरा खायचीस त्या वाळकाचं बी टोचलं. तू मोठी झाल्यावर तिनं ते टाकायचं सोडलं होतं. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाली, "येईल कुणीतरी." दिवसभर कुरी चालली. पश्चिमेला आभाळ भरून यायला लागलं होतं आणि आमची शेवटची ओळ राहिली होती, बांधालगतची. आपलं रान लांबट, पट्टीसारखं. लिंबाच्या झाडापर्यंत अर्धी ओळ होते आणि तिथून पुढं अर्धी. वारा समोरून तोंडावर येत होता. लिंब ओलांडला आणि माझं मन एकदम हलकं झालं. सगळं रान वाफशात पेरून झालं, आता एवढंच, असं वाटलं की माणूस सैल होतो. आणि डावीकडं तो बांध होता, तू जिथून परत फिरायचीस तो.

मी पुढं बघतच बोलायला लागलो. म्हणालो, ऐकतीस का गं? मागून हुं आलं. म्हणालो, पोरीला सांग, अब्बा म्हणालाय हा बांध तिचाबी हाय. मागून हुं. म्हणालो, मी तिची द्राक्षं बघून आलोय, तासगावला. तिचं चुकलं न्हवतं. लावायची तर लावू अर्ध्या रानात, तू अजून किती साल माझ्या मागं चालणार हाईस? तिला पंचमीला बोलव, आन् बांधावर थांबू नगंस म्हणून माझ्या नावानं सांग. मला तोंडावर बोलता यायचं न्हाई, तूच सांग. आणि मागून पुन्हा हुं आलं, जरा दबलेलं. मला वाटलं तिला भरून आलंय. ओळ संपली. मी जू सोडलं आणि वळलो, तर नळी हातात घेऊन अंजना उभी. मी विचारलं, ही कुठं गेली? अंजना मान खाली घालून म्हणाली, "आत्ताच माघारी गेली की लिंबाकडं. भाकरी सोडाय." लिंबाखाली सलिमा पाय पसरून बसली होती, भाकरीचं फडकं मांडीवर. डोळे ओले होते, चेहरा घामानं डबडबलेला. मी म्हणालो, ऐकलंस न्हवं? ती म्हणाली, "व्हय, ऐकलं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ऊन लय लागलं बघा." तेवढ्यात सर आली आणि आम्ही बैल घेऊन पळत सुटलो.

पंचमीला तू आलीस. पंचमीला रानात नांगर धरत नाहीत, खुरपं लावत नाहीत, म्हणून मी घरीच होतो. दिवसभर वाट बघत होतो, तू आता म्हणशील, चला अब्बा, रान दाखवा. बाजरी गुडघ्याला लागली होती. दाखवण्यासारखं रान होतं यंदा. तू आईच्या पायाला तेल लावलंस, अंजनाच्या पोरींबरोबर झोका घेतलास, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. जाताना वाटेवर बांध लागला तेव्हा तू त्याच्याकडं बघितलंस आणि पुढं झालीस. मी दारातून बघत होतो. मला वाटलं, सांगितलेलं सगळं ऐकून हे तिचं उत्तर आहे. मग मी पण आतून मिटलो. मी सलिमाला परत विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही. मला वाटलं, तिला दोघांच्या मधे पडायचा कंटाळा आला असेल. भादव्यात ती गेली, तेव्हा तू मैयतीला आलीस आणि आपण दोघं एका घरात असून पाण्याच्या तांब्यापुरते बोललो. त्या दिवसांत बांधावर वाळकं लागली होती, पिवळी, तडकलेली. एक तोडून तुझ्या पिशवीत ठेवावं असं मनात आलं. ठेवलं नाही. मी माझं सांगून चुकलोय, आता पाऊल तिनं टाकायचं, असं माझं चाललं होतं.

बाजरी निघाली आणि तूर उघडी पडली. सगळ्या रानात झुबके, तिच्या डाव्या पावलाचे. शेवटच्या ओळीत मात्र लिंबापर्यंत झुबके होते आणि लिंबापलीकडं एकेक झाड, सारख्या अंतरावर. मला वाटलं थकली असेल, हात बदलला असेल. गेल्या आठवड्यात काढणीला अंजना आली होती. त्या ओळीपाशी आलो तेव्हा मी आपलं सहज म्हणालो, बघ अंजना, जाताजाता भाभीचा हात तुझ्यासारखा झाला होता. अंजनाच्या हातातला विळा तिथंच थांबला. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "दादा, त्यो हात माझाच हाय." लिंबापाशी सलिमाच्या छातीत कळ आली होती. श्वास पुरेना. तिनं नळी अंजनाच्या हातात दिली आणि सांगितलं, "ह्यांना थांबवू नगंस. आभाळ आलंय, वाफसा जाईल. मी बसते. सांगू नगंस, माझी आण हाय." अंजना म्हणाली, "तुमी बोलाय लागला, मला कळंना काय करावं. गप बसलं तर तुमी मागं बघशीला, म्हणून हुं हुं म्हणत ऱ्हायले. मला वाटलं, आवं, घरी गेल्यावर परत बोलालच की भाभीसंगं. एवढं मनातलं माणूस एकदाच बोलून थांबतं व्हय?" चार वर्षं लागली होती ते एकदा बोलायला. दुसऱ्यांदा बोलायला अजून चार लागली असती. आणि सलिमा लिंबाखाली मला व्हय ऐकलं म्हणाली, ते मी भलतंसलतं विचारू नये म्हणून, कळ कळू नये म्हणून. तिनं काहीच ऐकलं नव्हतं, मुबश्शिरा. मी रागातच आहे असं समजून ती गेली. तिला आता मला सांगता येत नाही. कबरीवर जाऊन बोलतो, पण तिथंही मीच बोलतो आणि हुं म्हणायला कुणी नसतं.

तुला मात्र सांगता येतं, म्हणून हे पत्र. तुझ्यापर्यंत माझा एक शब्दही आला नव्हता, आणि तू काही नाकारलं नव्हतंस, हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्रीपासून तुझा तो कागद काढून बघतोय. त्यात अम्मीच्या चालायच्या ओळी कुठंच नव्हत्या, हे मला आत्ता दिसलं. तुला रान बदलायचं नव्हतं, तिचं माझ्यामागचं चालणं थांबवायचं होतं, आणि ते मला झोळीच्या शब्दात ऐकूच आलं नाही. आता लिंबापलीकडची ती ओळ रानात उभी आहे. तुझ्या आईनं पेरलेली नाही ती, पण तुझ्यासाठी जे बोललो ते सगळं त्या ओळीत पडलंय. ती मी एकट्यानं काढणार नाही. धुळाला मी थांब म्हणून सांगितलंय, ज्योतिबाला काय हसायचं ते हसू दे. तू ये. नंतर त्या रानात द्राक्ष लाव, ठिबक टाक, नाहीतर परत मिसळ पेर, मी तुझ्या मागं नळी धरून येईन आणि तू पुढं बघून काय बोलायचं ते बोल. पण आधी ही ओळ. दव असताना काढावी लागेल, ऊन चढलं की शेंगा हातात तडकतात. काढणीचं एक बरं असतं, पेरणीसारखं त्यात कुणी पुढं आणि कुणी मागं नसतं. एक जण ओळीच्या या अंगाला, एक त्या अंगाला, आणि मान वर केली की समोरचं तोंड दिसतं. वाट बांधावरूनच येते, तुला माहीत आहे. तिथं थांबू नकोस.

तुझाच,
अब्बा